उष्टावणानंतर

मूल जन्मास आल्यापासून त्याच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आपल्या घरांतून जे सोहळे होतात, त्यांत हौस बारशाची मोठी आणि जबाबदारी उष्टावणाची मोठी, असें माझें मत आहे. बारशास ठेवलेलें नांव पुढें मागें बदलतां तरी येतें. उष्टावणापासून जें पोटांत जातें तें हाडामांसांत मुरतें. असें असूनहि नांवाची चर्चा घरांत महिनाभर चालते. आणि उष्टावणाचा मुहूर्त निघाला, मामाला निरोप गेला, चांदीची वाटी घासून पुसून झाली कीं तो विषय संपतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या मुलाला काय द्यावयाचें, किती द्यावयाचें आणि कोणीं द्यावयाचें, हें सर्वांना ठाऊकच आहे असें गृहीत धरलें जातें. एकत्र कुटुंबांत तर तें प्रत्येकाला ठाऊक असतें, फक्त निरनिराळें!

आमचें घर भिवंडी तालुक्यांतील अंजूर गांवीं. इतिहासाची आवड असणाऱ्या वाचकांना हें नांव गंगाजी नाईक अंजूरकरांमुळें परिचित असेल. १७३७ सालीं मराठ्यांची साष्टीवर चाल झाली आणि १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला. त्या मोहिमेच्या उभारणींत अंजूरच्या नाईक मंडळींचा मोठा वांटा होता. ही मोहीम दोन वर्षें चालली. आमचे यजमान थट्टेनें म्हणतात, “मुलाला अंगावरच्या दुधावरून ताटावर आणण्याची मोहीमहि दोन वर्षांचीच, घाई करील त्याचा मोर्चा फसला!” थट्टा बाजूस ठेवली, तरी आजचें वैद्यकशास्त्र सांगतें तें हेंच. पहिले सहा महिने केवळ आईचें दूध. नंतर अन्नाची जोड. आणि अन्न वाढत असतांहि दूध निदान दोन वर्षेंपर्यंत चालूं ठेवावें.

घरांत आम्ही लहानमोठीं अकरा माणसें. त्यांत सर्वांत वडील आमच्या सासूबाई. वय वर्षें शहाऐंशी. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या चिरंजीवांना कन्या झाली आणि घर बारा माणसांचें झालें. मुलगी चार महिन्यांची होते न होते तोंच पहिला वाद उपस्थित झाला. मुलीचें उष्टावण पांचव्या महिन्यांत व्हावयाचें, ही सासूबाईंची रीत. सहा महिने पूर्ण झाल्यावांचून पाण्याचा थेंबहि द्यावयाचा नाहीं, हा डॉक्टरांचा हुकूम, आणि सूनबाई त्यावर ठाम.

ह्या वादाचा निकाल शेवटीं सासूबाईंच्याच शास्त्रानें लागला. मुलाचें अन्नप्राशन सहाव्या, आठव्या अशा सम महिन्यांत आणि मुलीचें पांचव्या, सातव्या अशा विषम महिन्यांत करावें, अशी रूढी आहे. सातवा महिना लागतो, तो सहा महिने पुरे झाल्यावरच. तेव्हां मुलीसाठीं सातवा महिना धरला, कीं रूढीहि सांभाळली जाते आणि वैद्यकहि. यजमानांनीं हें बोलून दाखवितांच सासूबाई क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “सात म्हणजे विषमच कीं! मग माझी कुठें ना आहे?” मुलगा असता तर आठवा महिना फार उशिराचा झाला असता, तेव्हां अशा घरीं सोहळा सवडीनें करावा, पण अन्न मात्र सहा महिने भरतांच सुरू करावें.

सहा महिन्यांच्या ह्या मर्यादेस कारणें आहेत. त्या सुमारास मूल आधारानें बसूं लागतें, मान सांवरतें, आणि तोंडांत घातलेली वस्तु जिभेनें बाहेर ढकलण्याची त्याची जन्मजात खोड कमी होते. आईच्या पोटांतून आणलेला लोहाचा सांठा ह्याच वेळेस सरत आलेला असतो, आणि आईच्या दुधांत लोह फार थोडें असतें. सुश्रुतानेंहि सहाव्या महिन्यांत लघु आणि हितकर अन्न द्यावें असें सांगितलें आहे. आणि २००१ सालीं जागतिक आरोग्य सभेनें सहा महिने निव्वळ स्तनपान व त्यानंतर पूरक अन्न हाच क्रम सर्व देशांपुढें ठेवला.

उष्टावण यथासांग झालें. मामानें सोन्याच्या आंगठीनें खिरीचें बोट चाटविलें. पाटापुढें पुस्तक, लेखणी, सोनें, धान्य अशा वस्तु मांडल्या होत्या. त्यांपैकीं मूल ज्याला हात घालील तो त्याच्या पुढील आयुष्याचा व्यवसाय, अशी समजूत. आमच्या नातीनें सर्व सोडून मामाच्या हातांतला चमचाच घट्ट धरला. सगळे हंसले. हिला खाण्याचें वेड लागणार, असें भविष्य वर्तवून मंडळी पंगतीस बसली.

पुढील दोन महिने मात्र हंसण्यासारखे नव्हते. सूनबाईंची रजा संपली व त्या पुन्हां नोकरीवर जाऊं लागल्या. दिवसाचें भरविणें सासूबाईंनीं आपणाकडे घेतलें. पणतीला मांडीवर आडवी निजवून, चांदीच्या बोंडल्यानें, त्या तिला तांदळाची पेज पाजीत. दिवसांतून चार वेळां, घड्याळाच्या कांट्यावर. मुलगी तोंड फिरवी, हातपाय झाडी. पण सासूबाईंच्या हातून बोंडलें रिकामें झाल्यावांचून सुटका नसे. उष्टावणाच्या आठवड्यांत तिचें वजन सात किलो शंभर ग्रॅम होतें. महिन्यानें अंगणवाडींतल्या सेविकाबाईंनीं तोललें तें सात किलो दोनशें. आणखी एका महिन्यानें पुन्हां सात किलो दोनशेंच. तक्त्यावरची रेघ वर चढावयाची, ती आडवी झाली. सेविकाबाईंनीं कांहीं न बोलतां ती रेघ बोटानें दाखविली. सूनबाई त्या रात्रीं जेवल्या नाहींत.

पेजेंत वाईट असें कांहीं नाहीं. ती उकळलेली असते व पचावयास हलकी असते. परंतु बोंडल्याच्या चोंचींतून उतरावयाची म्हणजे ती पाण्यासारखी पातळच असली पाहिजे. अशा वाटीभर पेजेंत चहाचा एक चमचा, म्हणजे पांच ग्रॅम, तांदूळ असला तर त्यापासून सुमारें अठरा उष्मांक मिळतात. अंगावर पिणाऱ्या सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला दुधाखेरीज अन्नांतून दिवसाला सुमारें दोनशें उष्मांक मिळावे लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत तीनशें, आणि वर्षानंतर साडेपांचशें. म्हणजे केवळ पातळ पेजेवर ही गरज भागवावयाची, तर दिवसाला अकरा वाट्या पाजाव्या लागतील. मुलाच्या पोटाचा आकार मात्र वजनाच्या दर किलोमागें अवघा तीस मिलिलिटर. सात किलोच्या मुलांत सुमारें दोनशें दहा. पाण्यानें पोट भरतें, मूल दूधहि कमी पितें, आणि घरांतील मंडळी म्हणतात, “वाटीभर खातें, पण अंगीं लागत नाहीं!”

डॉक्टरांनीं पेज घट्ट करावयास व मुलीला बसवून भरविण्यास सांगितलें. सूनबाई त्याच्याहि पुढें गेल्या. रविवारीं त्यांनीं लेकीला उंच खुर्चींत बसविलें आणि तिच्यापुढें वाफवलेल्या भोपळ्याची बोटाएवढी फोड ठेवली. मूल आपल्या हातानें खाईल, असें त्यांचें म्हणणें. इंग्लंडांतील जिल रॅपली ह्या बाईंनीं ह्या पद्धतीवर २००८ सालीं पुस्तक लिहिल्यापासून ती पाश्चात्य देशांत फार बोलली जाते. नातीनें फोड उचलून तोंडांत कोंबली आणि तिला उमळ आली. तिचें तोंड लाल झालें, डोळ्यांत पाणी आलें. सासूबाई धांवत आल्या, तिच्या तोंडांतली फोड बोटानें ओढून काढली आणि सूनबाईंना असे शब्द बोलल्या, कीं ते येथें लिहिण्याचें कारण नाहीं. आमच्या घरांत तसें बोलण्याची पद्धत नाहीं. त्यानंतर दोन दिवस दोघींमध्यें अबोला होता.

तिसऱ्या रात्रीं मी सासूबाईंच्या पायांना तेल लावीत बसलें होतें. पस्तीस वर्षें मी ह्या घरांत आहें. संक्रांतीला शेजारींपाजारीं मुलांचीं बोरन्हाणें होत. आमच्या घरीं मात्र कोणाचेंच होत नसे. माझ्या मुलांच्या वेळीं मी विचारलें, तेव्हां “आपल्याकडे रीत नाहीं” एवढेंच उत्तर मिळालें होतें. त्या रात्रीं सासूबाई आपण होऊन बोलूं लागल्या. आमच्या यजमानांच्या पाठीवर त्यांना एक मुलगा झाला होता. चौदा महिन्यांचा होता. बोरन्हाणाच्या दिवशीं डोक्यावरून ओतलेल्या बोरांचुरमुऱ्यांत एक शेंगदाणा होता. तो त्यानें कधीं तोंडांत घातला, हें भोंवतालच्या पंधरा बायकांपैकीं एकीलाहि समजलें नाहीं. “खोकला नाहीं, रडला नाहीं. नुसता माझ्याकडे बघत राहिला,” सासूबाई म्हणाल्या. पुढचें त्यांनीं सांगितलें नाहीं, आणि मीं विचारलेंहि नाहीं. बोंडलें कां, पेज इतकी पातळ कां, ह्याचा उलगडा मला तेव्हां झाला. ज्या घशांत एकदां दाणा अडकलेला त्यांनीं पाहिला होता, त्या घशांतून पाण्याहून घट्ट कांहीं जाऊं देण्यास त्यांचें मन धजत नव्हतें.

हें मीं सूनबाईंना सांगितलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. मीहि बरोबर होतें. डॉक्टरांनीं एक कापडी बाहुली टेबलावर ठेवली आणि दोन गोष्टींतला भेद समजावून दिला. मूल खोकतें, आवाज करतें, लाल होतें, ती उमळ. तो घशाचा पहारा होय. तेथें आपण स्वस्थ बसावें व लक्ष ठेवावें. तोंडांत बोट घातल्यास तुकडा उलट आंत ढकलला जातो. पण मूल मुकें झालें, खोकतां रडतां येईना, ओंठ निळे पडूं लागले, म्हणजे श्वास अडकला. तेव्हां क्षणाचाहि विलंब न लावतां मुलाला आपल्या हातावर पालथें, डोकें खालीं करून धरावें. दोन खांद्यांच्या मध्यें तळहाताच्या टांचेनें पांच थापा माराव्या. वस्तु न निघाल्यास उताणें करून छातीच्या मध्यभागीं पांच दाब द्यावे. आणि वस्तु निघेपर्यंत हेंच आलटून पालटून करीत रहावें. दुसऱ्या कोणीं तोंवर १०८ क्रमांकास हांक द्यावी. मूल निपचित पडल्यास कृत्रिम श्वास व छातीचे दाब द्यावे लागतात, तेंहि त्यांनीं दाखविलें. सासूबाईंनीं त्या बाहुलीवर तीन वेळां करून पाहिलें. मग त्यांनीं विचारलें, “हें मला तेव्हां कोणी कां शिकवलें नाहीं?” डॉक्टर तरुण होते, ते कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “आजी, घशांत अडकलेली वस्तु पोट दाबून काढण्याची हाइमलिक साहेबांची युक्तीसुद्धां १९७४ सालीं जगापुढें आली. तुमच्या वेळीं हें सांगणारें कोणी नव्हतें.” परत येतांना गाडींत सासूबाईंनीं सूनबाईंचा हात धरला होता.

त्या दिवसापासून घरांतील व्यवस्था बदलली. बोंडलें देवघराच्या कपाटांत गेलें. मुलगी नेहमीं ताठ बसवून, घरच्या मंडळींच्या पंगतींतच जेवूं लागली. अन्नाचा घट्टपणा असा, कीं चमचा वांकडा केला तरी तें ओघळूं नये. मऊ भात, मुगाचें किंवा मसुराचें घट्ट वरण, त्यांत चहाचा एक चमचा तूप. ह्या एका चमच्यानेंच पंचेचाळीस उष्मांक वाढतात. अडीच वाट्या पेजेचें काम तो एकटा करतो. कधीं कुस्करलेलें रताळें, कधीं वसईकडचें पिकलें केळें, कधीं दहीभात. प्रथम दोन-तीन चमचे, मग हळूहळू अर्धी वाटी, दिवसांतून तीनदां. मीठ व साखर वर्षभर नाहीं. मधहि नाहीं. आश्वलायन गृह्यसूत्रांत अन्नप्राशनाला दहीं, मध व तूप मिसळलेलें अन्न सांगितलें आहे हें खरें. परंतु मधांत क्वचित् असे जंतुबीज असतात, कीं वर्षाच्या आंतील मुलाच्या आंतड्यांत ते रुजून अंग लुळें पडण्याचा धोका असतो, हें त्या काळीं कोणास कळण्याचें साधन नव्हतें.

सासूबाईंची विद्याहि वायां गेली नाहीं. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून ठेवण्यांत त्यांचा हात धरणारें कोणी नाहीं. नाचणीच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशें मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतें, आणि मोड आणल्यानें तिच्यांतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. दुसरा गुण तर मला फारच नवलाचा वाटला. मोड आलेल्या धान्यांत पिष्ट फोडणारा एक पाचक रस तयार होतो. घट्ट शिजवलेल्या भाताच्या खिमटींत ह्या पिठाची चिमूट टाकली, तर ती पाणी न घालतांच सैल होते. उष्मांक तेवढेच राहतात आणि मूल सहज गिळतें. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८६ सालीं हें तांदळाच्या घट्ट पेजेवरच प्रयोग करून प्रसिद्ध केलें. सूनबाईंनीं तें वाचून दाखविलें तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “आमच्या आजीला हें ठाऊक होतें, तिनें छापलें नाहीं इतकेंच.” फक्त सत्त्व गाळून कोंडा टाकण्याची जुनी चाल आम्हीं कमी केली, कारण त्या कोंड्याबरोबर लोहहि जातें.

लोहाविषयीं शाकाहारी घरांनीं विशेष सावध असावें. आमच्या शेजारच्या आगरी घरांत सात-आठ महिन्यांच्या मुलाला मऊ शिजविलेला मासा कांटे निवडून देतात. त्यांतील लोह शरीरांत सहज मुरतें. आपल्या डाळी व पालेभाज्यांतील लोह तितकें सहज मुरत नाहीं. म्हणून वरणांत लिंबाचे दोन थेंब पिळावे, आणि सरकारी आरोग्य केंद्रांतून मिळणारें लोहाचें औषध आठवड्यांतून दोनदां एक मिलिलिटर द्यावयाचें, तें चुकवूं नये. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या भारतीय मुलांपैकीं शेंकडा ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्राचा आंकडा तर जवळजवळ ६९ आहे. त्याच पाहणींत सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकीं पुरेसा व चौरस आहार शेंकडा अवघ्या ११ मुलांना मिळत होता. दारिद्र्य हें ह्याचें एक कारण आहेच. पण ज्या घरीं तुपाची बरणी भरलेली आहे, त्या घरींहि मूल पेजेवर राहूं शकतें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

राहिला प्रश्न हातानें खाण्याचा. आठव्या महिन्याच्या सुमारास मूल चिमटींत वस्तु धरूं लागतें, तेव्हां हीहि सुरुवात करावी. जी वस्तु आपल्या दोन बोटांत दाबली असतां सहज चुरडते, तीच द्यावी. वाफवलेल्या गाजराची किंवा भोपळ्याची लांबट फोड, पिकलेलें केळें, मऊ इडलीचा तुकडा, तूप लावलेल्या मऊ पोळीची पट्टी. शेंगदाणे, फुटाणे, अख्खीं द्राक्षें, बोरें, कच्च्या गाजराचे वा सफरचंदाचे तुकडे, कडक लाडू, सुपारी ह्या वस्तु मुलाच्या हातीं लागूं देऊं नयेत. शेंगदाण्याची चवच मुलाला वर्ज्य, असें मात्र नाहीं. बारीक कूट करून पातळसर कालवून थोडी थोडी दिल्यास अपाय नसतो. मुलाला अंगावर इसब असल्यास आधीं डॉक्टरांना विचारावें. आणि मूल खात असतांना एका मोठ्या माणसानें समोर बसावें. एकत्र कुटुंबांत “कोणीतरी बघत असेल” असें प्रत्येकास वाटतें व कोणीच बघत नसतें, म्हणून आमच्याकडे जिची पाळी ती मोठ्यानें सांगते, “मी आहें.”

बळजबरी तर सर्वस्वीं बंद करावी. क्लॅरा डेव्हिस नांवाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनीं नुकत्याच दूध सुटलेल्या मुलांपुढें साधे, न गोडवलेले अनेक पदार्थ मांडून त्यांना हवें तें व हवें तितकें घेऊं दिलें. दाईनें आग्रह म्हणून करावयाचा नाहीं. १९२८ व १९३९ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत तीं मुलें चांगलीं पोसलीं गेल्याचें नमूद आहे. ताटांत काय वाढावयाचें तें मोठ्यांनीं ठरवावें, आणि किती खावयाचें तें मुलानें, असा धडा ह्यांतून मीं घेतला. आमची नात आतां पोट भरलें कीं ओंठ मिटते. सासूबाई चमचा खालीं ठेवतात. हें त्यांना किती जड जातें, तें मला दिसतें.

तक्त्यावरची रेघ पुन्हां चढूं लागली आहे. नवव्या महिन्याअखेर वजन सात किलो सहाशें भरलें, दहाव्या महिन्याअखेर आठ किलो. सेविकाबाईंनीं ह्या वेळींहि रेघ बोटानेंच दाखविली, पण हंसून.

वाचकभगिनींनो, आपल्या घरांतील वडील माणूस एखाद्या जुन्या चालीला घट्ट धरून बसलें, कीं आपण त्याला हट्ट म्हणतों. त्या चालीच्या तळाशीं कधीं ज्ञान असतें, कधीं भीति असते. मोड आलेली नाचणी आणि चांदीचें बोंडलें एकाच हातांत होतीं. पहिलें ठेवावें, दुसरें सोडावें, हें खरें. पण सोडावयास लावण्यापूर्वीं तें धरलें कां, हें विचारावें. आणि तरुण आईच्या तक्त्यावरची रेघ आडवी झाली, तर “आमचीं मुलें अशींच वाढलीं” असें म्हणण्यापूर्वीं वडील माणसांनीं तिच्याबरोबर एकदां वजनकांट्यापाशीं उभें रहावें.

परवां सासूबाईंनीं पंचांग मागितलें आणि संक्रांत किती तारखेला आहे, तें पाहिलें. “हिचें बोरन्हाण करूं या,” त्या म्हणाल्या, “दाणे, बोरें, हलवा कांहीं नको. चुरमुरेहि नकोत. फुलांच्या पाकळ्या ओता.” सूनबाईंनीं झेंडूचीं रोपें त्याच दिवशीं आणून अंगणांत लावलीं.